पुनरावर्ती विषाद आणि संयुक्त चिकित्सा : जामखेडच्या संदर्भात एक परीक्षण

१. प्रश्नाचे स्वरूप

विषादाच्या विकारावर औषध द्यावे की संवादोपचार करावा, हा वाद मानसचिकित्सेच्या क्षेत्रात दीर्घकाळ चालला. त्याचा निकाल ‘दोन्ही करावे’ असा लागला, असे आज बहुधा सर्वत्र सांगितले जाते. हा निकाल ऐकण्यास सोपा आहे आणि दोन्ही पक्षांना सन्मान देणारा असल्यामुळे तो कोणास गैरसोयीचाही वाटत नाही. तथापि ज्या सिद्धान्ताला कोणाचाच विरोध उरत नाही, त्याची तपासणी बहुधा थांबलेली असते. ‘दोन्ही’ म्हणजे काय, कोणत्या क्रमाने, किती काळ आणि कोणाच्या हातून, हे प्रश्न त्या एका शब्दाखाली झाकले जातात.

विकार एकदाच उद्भवून गेला तर या संदिग्धतेने फारसे बिघडत नाही. परंतु विषादाचा एक झटका येऊन गेलेल्यांपैकी सुमारे निम्म्या व्यक्तींना तो पुन्हा येतो, आणि प्रत्येक आवर्तनाबरोबर पुढच्या आवर्तनाचा संभव वाढत जातो. अशा रुग्णाच्या बाबतीत ‘बरा झाला’ हे चिकित्सेचे अंतिम वाक्य ठरू शकत नाही. त्याच्या संदर्भात तीन निरनिराळी उद्दिष्टे वेगळी करावी लागतात : चालू आवर्तनातून त्याला बाहेर काढणे, पुढचे आवर्तन टाळणे, आणि दोन आवर्तनांमधल्या काळात त्याचा संसार व त्याची नातीगोती पुन्हा मार्गी लावणे. संयुक्त चिकित्सा या तिन्हींसाठी सारखीच गुणकारी आहे काय, हा प्रस्तुत परीक्षणाचा विषय होय. त्यासाठी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड हे स्थळ घेतले आहे. तेथे या प्रश्नाशी संबंधित असे संशोधन प्रत्यक्ष झालेले आहे, आणि या सिद्धान्ताची खरी कसोटी लागते ती अशाच ठिकाणी.

२. ‘विषाद’ या शब्दाचे ओझे

प्रारंभी संज्ञेचा विचार करणे उचित ठरेल. मराठीत या विकाराला नैराश्य, औदासीन्य, खिन्नता अशी नावे दिली जातात. त्यांपैकी ‘विषाद’ हे सर्वांत जुने, आणि या जिल्ह्याशी त्याचे नाते विशेष निकटचे आहे. ज्या ग्रंथाचा पहिला अध्याय ‘अर्जुनविषादयोग’ या नावाने ओळखला जातो, त्याचे मराठी निरूपण ज्ञानदेवांनी याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, पूर्णत्वास नेले. भारतीय मनोविकारतज्ज्ञांपैकी काहींनी गीतेतील संवाद हा मानसोपचाराचा नमुना म्हणून वाचला आहे. गात्रे गळून गेलेला अर्जुन, त्याचे म्हणणे ऐकून घेणारा सखा, आणि संवादाच्या शेवटी पुन्हा कर्माला सिद्ध झालेला तोच अर्जुन, ही रचना पाहता तसे वाचन स्वाभाविकही आहे.

परंतु पुनरावर्ती विकाराच्या संदर्भात हे साम्य दिशाभूल करते. अर्जुनाचा विषाद एका प्रसंगातून निर्माण झालेला आहे. त्याला कारण आहे, आरंभ आहे आणि उपदेशाच्या अंती शेवट आहे. पुनरावर्ती विषाद पुष्कळदा बाह्य कारणाची वाट पाहत नाही, आणि एकदा पटलेले ज्ञान पुढच्या वेळी हाताशी राहील याची शाश्वतीही त्यात नसते. परंपरेला या दुसऱ्या अडचणीची जाणीव नव्हती असे मात्र नाही. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील अनुगीतेत अर्जुन युद्धानंतर कृष्णाला सांगतो की, त्या वेळी सांगितलेले सारे आपण विसरलो. आणि कृष्ण त्याला दोष देऊन म्हणतो की, ते जसेच्या तसे पुन्हा सांगता येणार नाही. संवादाचा परिणाम टिकवावा लागतो, तो आपोआप टिकत नाही, हे सत्य या छोट्या प्रसंगात आले आहे. गीतेला मानसोपचार म्हणणाऱ्यांनी अनुगीतेचाही विचार केला असता, तर त्यांच्या प्रतिपादनाला अधिक खोली आली असती.

३. संशोधनाचा पुरावा काय सांगतो

१९५७ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा विषादावरील गुण नोंदविला आणि औषधोपचाराचे युग सुरू झाले. औषध व संवाद यांची पद्धतशीर तुलना त्यानंतर आली. या तुलनांपैकी १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेले क्लेरमन, वाइसमन आणि त्यांचे सहकारी यांचे कार्य आजही मूलभूत मानावे लागते. ॲमिट्रिप्टिलिनने सुधारलेल्या १५० स्त्रियांचा त्यांनी आठ महिने अभ्यास केला. औषध चालू ठेवल्याने विकार उलटण्याचे प्रमाण घटले. संवादोपचाराने ते तसे घटले नाही, परंतु कामधंदा, कुटुंब आणि इतर माणसांशी वागणे यांत सुधारणा झाली, आणि तीही काही महिन्यांनंतर दिसू लागली. याचा अर्थ असा की, दोन उपचार एकाच कामाचे दोन मजूर नव्हेत. त्यांची कामेच वेगळी आहेत. ‘संयुक्त’ या शब्दाने सुचविली जाणारी बेरीज येथेच संशयास्पद ठरते.

पुनरावर्ती विकारापुरते पाहिल्यास पिट्सबर्ग येथील फ्रँक, कुप्फर व सहकाऱ्यांचा १९९० चा अभ्यास अधिक महत्त्वाचा आहे. वारंवार आवर्तने आलेल्या १२८ रुग्णांचे तीन वर्षे निरीक्षण करण्यात आले. पूर्ण मात्रेत चालू ठेवलेल्या इमिप्रामिनचे संरक्षण सर्वांत प्रबळ ठरले. महिन्यातून एकदा होणाऱ्या आंतरवैयक्तिक संवादोपचाराचे संरक्षण मध्यम ठरले. परंतु १९९१ मध्ये त्याच संशोधकांनी संवादाच्या बैठका तपासल्या, तेव्हा एक सूक्ष्म गोष्ट बाहेर आली. ज्या बैठकांत नातेसंबंधांच्या विषयावर नेटाने काम झाले, त्या रुग्णांचा निरामय काळ सुमारे दोन वर्षांपर्यंत गेला. जेथे संवाद भरकटला, तेथे तो पाच महिन्यांहूनही कमी राहिला. ‘बोलणे’ हे औषधासारखे एकजिनसी द्रव्य नाही, हे यावरून स्पष्ट होते. गोळीची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजता येते. बोलण्याची मात्रा मोजायची तर बोलणाऱ्याचे कसब मोजावे लागते.

यानंतरच्या काळात संयुक्त चिकित्सेच्या बाजूने पुष्कळ पुरावा जमा झाला. दीर्घकालीन विषादावरील केलर व सहकाऱ्यांच्या २००० च्या अभ्यासात ६८१ रुग्ण होते. त्यात औषधाने आणि संवादाने स्वतंत्रपणे ४८ टक्के रुग्णांना गुण आला, तर दोन्ही एकत्र दिलेल्यांत हे प्रमाण ७३ टक्के होते. (त्यातील नेफॅझोडोन हे औषध यकृतावरील दुष्परिणामांच्या कारणाने २००४ मध्ये अमेरिकेत तिच्या मूळ उत्पादकाने बाजारातून मागे घेतले, हेही ध्यानात ठेवावे.) तथापि हॉलन व सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासाने या निष्कर्षाला मर्यादा घातली. ४५२ रुग्णांपैकी संयुक्त चिकित्सेत ७२.६ टक्के आणि केवळ औषधावर ६२.५ टक्के रुग्ण पूर्ववत झाले. परंतु हा लाभ ज्यांचा विकार तीव्र होता पण दीर्घकाळ मुरलेला नव्हता, अशा रुग्णांतच प्रामुख्याने आढळला. त्याच रुग्णांचा पुढील तीन वर्षांचा वृत्तान्त २०२० मध्ये आला. औषध चालू ठेवलेल्यांत आवर्तने कमी आली. पूर्वी संवादोपचार मिळाला होता की नाही, याने फारसा फरक पडला नाही.

याच्या उलट बाजूचा पुरावाही आहे. टीझडेल व सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखविले की, तीन किंवा अधिक आवर्तने आलेल्यांत सजगतेवर आधारलेल्या प्रशिक्षणाने विकार उलटण्याचे प्रमाण घटते. कायकन व सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात ४२४ रुग्ण होते. असे प्रशिक्षण घेऊन औषध क्रमाने कमी करणारे आणि औषध चालू ठेवणारे यांच्यांत विकार उलटण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे, अनुक्रमे ४४ व ४७ टक्के, आढळले. प्रशिक्षण अधिक श्रेष्ठ ठरले नाही. पण ज्यांना औषध नको आहे त्यांच्यासाठी मार्ग आहे, एवढे त्यातून सिद्ध झाले.

हा सारा पुरावा एकत्र वाचला असता निष्कर्ष असा निघतो. चालू आवर्तनातून बाहेर काढण्यासाठी संयुक्त चिकित्सा एकेकट्या उपचाराहून सरस आहे. पुढचे आवर्तन टाळण्याचे काम मात्र मुख्यतः जे चालू राहते ते करते. मग ते औषध असो की रुग्णाने आत्मसात केलेली मनाची शिस्त असो. एके काळी दिलेल्या संवादोपचाराची पुण्याई आयुष्यभर पुरेल, ही अपेक्षा पुराव्याला धरून नाही. म्हणून पुनरावर्ती विषादात ‘दोन्ही’ या शब्दापेक्षा ‘चालू’ हा शब्द अधिक महत्त्वाचा आहे.

४. जामखेडचे सर्वेक्षण

आता हा निष्कर्ष जामखेडला आणून पाहावा. अहमदनगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा; २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ४५ लाखांहून अधिक होती. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. म्हणजे जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या अवर्षणग्रस्त जामखेडच्या रुग्णाला मनोरुग्णालय म्हणजे दुसरा जिल्हा. त्याच जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या, पुष्कळदा अक्षरओळखही नसलेल्या स्त्रियांना शिकवून त्यांच्या हाती प्राथमिक आरोग्यसेवा देण्याचा हा प्रयोग होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि प्रकल्पाची ख्याती देशाबाहेर गेली.

या प्रकल्पाच्या परिसरात ऑस्ट्रेलियातील मिशेल कर्मोड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, स्वतः आरोळे यांच्या सहभागाने, २००७ च्या अखेरीस मानसिक आरोग्याविषयीच्या लोकसमजुतींचे सर्वेक्षण केले. २४० ग्रामस्थ आणि ६० ग्राम आरोग्य सेविका यांना विषादाने व चित्तभ्रमाने ग्रस्त अशा काल्पनिक व्यक्तींची हकिगत सांगून त्यांची मते विचारण्यात आली. त्यातून आलेले लेख २००९ व २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

या लेखांचे पहिले मोल असे की, त्यांनी एक रूढ समज खोडून काढला. ग्रामीण माणूस मानसिक विकाराला भूतबाधा समजतो, म्हणून तो उपचाराला येत नाही, असे शहरी वैद्यक बहुधा गृहीत धरते. जामखेडच्या उत्तरांत अतींद्रिय कारणांना व्यापक मान्यता आढळली नाही. त्याचप्रमाणे जैविक कारणांनाही आढळली नाही. लोकांनी बोट ठेवले ते सामाजिक व आर्थिक कारणांवर. स्त्रिया, बेकार आणि गरीब यांना हा विकार होण्याचा संभव अधिक, असे त्यांचे मत पडले. उपायांच्या बाबतीत कुटुंब आणि जवळची माणसे यांवर त्यांचा भरवसा होता. आणि औषध म्हणून जीवनसत्त्वे, टॉनिके, भूक वाढविणारी औषधे, झोपेच्या गोळ्या यांकडे कल होता.

हे उत्तर अडाणीपणाचे म्हणून बाजूला सारता येणार नाही. कारणांविषयीचा त्यांचा कौल सामाजिक मनोविकारशास्त्राच्या निष्कर्षांपासून फार दूर नाही. परंतु या समजुतीतच संयुक्त चिकित्सेची अडचणही दडलेली आहे. दुःखाचे कारण घरात व शेतात असेल, तर गोळीने काय होणार, ही शंका तिच्यातून सहज निघते. आणि गोळी घेतलीच तर ती टॉनिकासारखी, अंगात बरे वाटेपर्यंत घेतली जाते. विषादविरोधी औषधाची रीत नेमकी उलटी आहे. त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, दुष्परिणाम मात्र पहिल्या आठवड्यातच जाणवतात. आणि बरे वाटू लागल्यानंतरही ते कित्येक महिने चालू ठेवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन लक्षणे ओसरल्यावर नऊ ते बारा महिने असे आहे. आवर्तने अनेक झाली असतील तर हा काळ आणखी वाढतो. ज्या क्षणी टॉनिक सोडून द्यायचे, त्याच क्षणी या औषधाचे खरे काम सुरू होते. हे समजावून सांगणे हा संवादोपचाराचा पहिला भाग ठरतो, आणि औषधोपचार त्याच्यावर अवलंबून राहतो.

सर्वेक्षणाच्या मर्यादाही स्पष्टपणे नोंदल्या पाहिजेत. पहिली मर्यादा पद्धतीची. काल्पनिक व्यक्तीविषयी दिलेले मत आणि स्वतःच्या सुनेविषयी घेतलेला निर्णय यांत अंतर असते. दुसरी मर्यादा स्थळाची. जामखेडच्या प्रकल्पाने त्या परिसरात दीर्घकाळ आरोग्यशिक्षण केले होते. तेथील मत अकोले वा पारनेर तालुक्यातील मताचे प्रतिनिधी मानता येणार नाही. तिसरी मर्यादा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. अशा हकिगतीत विकाराचा एक क्षण पकडला जातो. काळ तिच्यात येत नाही. हीच व्यक्ती बरी होऊन दोन वर्षांनी पुन्हा तशीच झाली तर काय करावे, आणि तिच्याविषयी घरच्यांची सहानुभूती तितकीच राहील काय, हे प्रश्न त्या पद्धतीच्या कक्षेत येतच नाहीत. पहिल्या आवर्तनात कुटुंब आधार देते. तिसऱ्या आवर्तनात तेच कुटुंब ‘हिचे नेहमीचेच’ म्हणून पाठ फिरवू शकते. ज्या कुटुंबावर लोकांचा भरवसा आहे, त्याचाच हा आधार आवर्तनागणिक झिजतो की काय, हे तपासण्याजोगे आहे.

५. संवादाचे काम कोणी करावे

संवादोपचाराला प्रशिक्षित तज्ज्ञ लागतो, आणि तज्ज्ञ खेड्यात नाही, म्हणून खेड्यासाठी औषधच पुरे, असा युक्तिवाद केला जातो. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांची मालिका या युक्तिवादाला उत्तर देते. पण ते उत्तर सरळ नाही, आणि म्हणूनच बोधप्रद आहे. २००३ च्या त्यांच्या पहिल्या अभ्यासात ४५० रुग्ण होते. त्यात फ्लुओक्सेटिन हे दोन महिन्यांच्या टप्प्यावर निर्गुण गोळीहून सरस ठरले, परंतु हा लाभ पुढे टिकून राहिला नाही. संवादोपचार तर निर्गुण गोळीहून सरस ठरलाच नाही. संशोधक येथे थांबले असते तर ग्रामीण संवादोपचाराचा अध्याय तेथेच मिटला असता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मानस’ अभ्यासात गावच्याच समुपदेशकांकडे समजावणी व संवाद आणि डॉक्टरांकडे औषध अशी श्रमविभागणी होती. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे आढळले, तर नेहमीच्या सेवेत ४२.५ टक्के, खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. पुढे रुग्णाला छोट्या छोट्या अर्थपूर्ण कामांकडे वळविणारा सहा ते आठ बैठकांचा उपचार घडविण्यात आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात ४९५ रुग्ण होते. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली, तर त्या उपचाराविना ३९ टक्क्यांची. हे समुपदेशक मनोविकारशास्त्राचे पदवीधर नव्हते.

या मालिकेचा धडा असा की, सामान्य माणसाला संवादोपचार शिकविता येतो. पण कोणताही संवाद उपचार होत नाही. त्याचा आराखडा, सराव आणि देखरेख लागते. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झालेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमाने याला दुसरी बाजू जोडली. गावातच बोलणारे माणूस मिळाल्यावर विषादासाठी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले.

जामखेडच्या ग्राम आरोग्य सेविका या दृष्टीने पाहिल्या पाहिजेत. ही स्त्री त्याच गावातली, त्याच पाणवठ्यावरची. कोणत्या घरात दारू शिरली, कोणाची मुलगी माहेरी परत आली, हे तिला विचारावे लागत नाही. आंतरवैयक्तिक संवादोपचार ज्या माहितीसाठी पहिल्या काही बैठका खर्च करतो, ती तिच्यापाशी असतेच. तथापि हीच जवळीक तिची अडचणही होऊ शकते. जिच्याशी उद्या पुन्हा शेतावर भेट होणार, तिच्यापाशी मनातले सांगताना माणूस कचरतो. म्हणून गुप्ततेचे शिक्षण हे तिच्या प्रशिक्षणाचे अंग न राहता त्याचा पाया व्हावयास हवे. शिवाय वारंवार येणारा विषाद हा एखाद्या वेळी द्विध्रुवी विकाराचा भाग असतो, आणि तेथे केवळ विषादविरोधी औषध अपाय करू शकते. तो निवाडा डॉक्टरचाच. सेविका डॉक्टरची जागा घेत नाही. डॉक्टरच्या दोन भेटींमधला काळ ती सांभाळते.

६. स्थलांतराची कसोटी

संयुक्त चिकित्सेचे सर्व आराखडे एक गोष्ट न बोलता गृहीत धरतात : रुग्ण एकाच ठिकाणी राहतो. जामखेड, पाथर्डी, शेवगाव या पट्ट्यातील कित्येक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात सुरू केलेले औषध नऊ ते बारा महिने चालवायचे, तर त्याचा अर्ध्याहून अधिक काळ कारखान्याच्या तळावरील कोपीत जाणार. तेथे गावची सेविका नाही, ओळखीचा डॉक्टर नाही, आणि पहाटेपासून कोयता हाती असलेल्या बाईला साप्ताहिक बैठकीची सवड नाही. या स्थितीत उपचार तुटला तर तो ‘रुग्णाचा हलगर्जीपणा’ म्हणून नोंदला जातो. वस्तुतः उपचारपद्धतीच्या रचनेत त्या रुग्णाच्या वर्षाला जागाच नव्हती.

म्हणून येथे संयुक्त चिकित्सेचा अर्थ बदलून घ्यावा लागतो. गावातल्या चार-पाच महिन्यांत संवादाचा भर अधिक असावा, आणि त्यात आवर्तनाची पहिली चिन्हे ओळखण्याचे शिक्षण रुग्णाला व तिच्याबरोबर तळावर जाणाऱ्या माणसाला द्यावे. झोप मोडणे, जेवण तुटणे, कामातून मन उडणे ही चिन्हे बैठकीविनाही ओळखता येतात. तळावरच्या महिन्यांसाठी औषधाचा पुरेसा साठा आणि एकाएकी औषध न थांबविण्याची समज सोबत द्यावी. संपर्कासाठी दूरध्वनीचा उपयोग आहेच. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही १४४१६ या क्रमांकावरची सेवा त्यासाठी हाताशी आहे. परंतु अनोळखी आवाजापेक्षा गावच्या सेविकेचा महिन्यातून एकदा येणारा फोन अधिक उपयोगी पडेल, असे पिट्सबर्गच्या मासिक बैठकांचा अनुभव पाहता अनुमान करण्यास हरकत नाही. हे अनुमानच आहे. त्याची परीक्षा ऊसतोडीच्या एखाद्या हंगामात प्रत्यक्ष घेतली गेली पाहिजे.

७. समारोप

औषध व संवाद यांच्या वादाचा निकाल ‘दोन्ही’ असा लावणाऱ्यांनी चूक केली नाही. त्यांनी प्रश्न मध्येच सोडला. १९७४ च्या अभ्यासाने दाखविल्याप्रमाणे दोन उपचारांची कामे वेगळी आहेत. पुढील अर्धशतकाच्या पुराव्याने दाखविल्याप्रमाणे पुढचे आवर्तन रोखते ते सातत्य. आणि जामखेडच्या उत्तरांवरून दिसते त्याप्रमाणे लोकांचे दुःखाविषयीचे आकलन वैद्यकाहून वेगळे असले तरी निराधार नाही. सातत्य राखणे हे काम गोळीचे नव्हे आणि एखाद्या बैठकीचेही नव्हे. ते दोघांना वर्षभर जोडून ठेवणाऱ्या माणसाचे आहे. अशा माणसाची शिकवणूक, तिचा मोबदला आणि तिच्यावरची देखरेख यांचा विचार होत नाही, तोवर या जिल्ह्यापुरती संयुक्त चिकित्सा ही पाठ्यपुस्तकातली बेरीज राहील. पदव्युत्तर अभ्यासकांनी आपला प्रबंधविषय निवडताना आवर्तनाच्या तीव्रतेबरोबर दोन आवर्तनांमधल्या काळाकडेही लक्ष दिले, तर या प्रश्नाची उपेक्षित बाजू उजेडात येईल. पुनरावर्ती विषादाचा रुग्ण आपल्या आयुष्याचा बराच मोठा भाग त्या मधल्या काळातच जगत असतो.